मागची चक्रं आणि पन्हाळ्याचा चढ

पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या चढाला चेन उडाली. पायडलवर उभा राहून जोर देत होतो, पायाखालचं पायडल एकदम मोकळं झालं, गुडघा हँडलवर आपटला आणि मागून येणाऱ्या एसटीने लांबलचक हॉर्न दिला. पडलो नाही, एवढंच. कोड्यात टाकणारी गोष्ट ही की चेन आदल्याच दिवशी नवी टाकली होती. उतरून पाहिलं तर चेन जागेवर, चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा आरडी सरळ, कुठे काही तुटलेलं नाही. पुन्हा बसलो, पुन्हा जोर दिला, पुन्हा उडाली. त्या रविवारी पन्हाळा राहिला आणि मी हलक्या पायाने उतारावरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सायकल मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मागच्या चक्रांवरचं काळं ग्रीस अंगठ्याने पुसलं आणि म्हणाले, “चेन नवी टाकलासा, चक्रं जुनीच ठेवलासा. ह्ये दातं बघा की, विळ्यागत झाल्यात.” खरंच तसे झाले होते. मधल्या तीन चक्रांचे दाते एका बाजूने खाल्लेले, टोकं पुढे झुकलेली. नव्या चेनला तिथे बसायला जागाच नव्हती.

म्हणजे कॅसेट बदलायची. पण कुठली? रोड बाइक चालवणाऱ्या मित्रांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि बहुतेकांचं उत्तर म्हणजे त्यांना परवडेल ती सर्वांत महाग. मला स्वस्त हवी होती आणि टिकाऊ हवी होती. या दोन अटी एकत्र बसत नाहीत असं आपण गृहीत धरतो. कॅसेटच्या बाबतीत त्या चांगल्याच बसतात, पण त्यासाठी कॅसेट झिजते कशी हे आधी समजून घ्यावं लागतं.

कॅसेट म्हणजे मागच्या चाकाला लागलेला दातेरी चक्रांचा संच. साध्या काळ्या सायकलीला मागे एकच चक्र असतं आणि त्याच्या पोटातच पायडल थांबवल्यावर कटकट वाजणारी यंत्रणा असते, त्याला फ्रीव्हील म्हणतात. स्वस्तातल्या ६ किंवा ७ गिअरच्या सायकलींनाही फ्रीव्हीलच असतं, फक्त त्यावर चक्रं जास्त. हे सगळं चाकाच्या मध्यभागच्या हबच्या आट्यांवर घट्ट पिळून बसवलेलं असतं. कॅसेटमध्ये मात्र ती कटकटणारी यंत्रणा हबमध्येच राहते आणि चक्रं खाचांवरून नुसती सरकवून, वरून एका रिंगने आवळतात. जपानच्या शिमानो कंपनीने ही पद्धत १९७८ साली ड्युरा-एस या मालिकेत आणली. फायदा दुहेरी झाला. चक्रं झिजली तर तेवढीच बदलता येतात. शिवाय उजव्या बाजूचं बेअरिंग चाकाच्या बाहेरच्या टोकाला सरकल्यामुळे एक्सलला आधार मिळाला. फ्रीव्हीलच्या सायकलींचे एक्सल खड्ड्यांत का वाकतात याचं उत्तर इथे आहे: चक्रांचा गठ्ठा बाहेर, बेअरिंग आत, आणि मधली कांडी अधांतरी.

आपल्या सायकलीला यातलं काय आहे हे ओळखणं सोपं आहे. मागचं चाक उचला आणि पायडल उलटं फिरवा. सर्वांत लहान चक्राच्या मध्यभागी जी खाचांची रिंग दिसते ती चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट. चक्रं फिरली आणि ती जागेवर राहिली तर फ्रीव्हील. दुकानात जाण्याआधी एवढं पाहून घेतलं तर एक हेलपाटा वाचतो.

शिमानोचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही कंपनी १९२१ साली साकाई या गावात एका छोट्या लोहारखान्यासारखी सुरू झाली आणि तिचा पहिला माल होता फ्रीव्हील. साकाई हे पिढ्यान्‌पिढ्या चाकू-सुऱ्या आणि त्याआधी बंदुका घडवणाऱ्यांचं गाव. लोखंडाशी खेळणारे हात गावात आधीच होते, सायकलचा सुटा भाग त्यांच्यापर्यंत नंतर पोचला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे पंपाचे, इंजिनाचे, ट्रॅक्टरचे भाग ओतले गेले, तिथे फ्रीव्हील बनलं. कॅसेटची चक्रं मात्र ओतीव नसतात. ती पोलादी पत्र्यातून कापून, दाब देऊन घडवलेली असतात. ओतीव लोखंड दीड-दोन मिलिमीटर जाडीत असा मार सहन करणार नाही.

झीज म्हणजे काय हे मला खरं समजलं ते वडिलांकडून. ते साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होतं. उसाच्या मोळ्या वर ओढून नेणाऱ्या कॅरिअरच्या अजस्र साखळ्या खाली उतरवतात, धुतात, मोजतात. वडील घरी येऊन सांगायचे, “यंदा चेन वाढली.” लहानपणी मला वाटायचं, लोखंड वाढतं कसं? सायकल हातात आल्यावर कळलं. चेनची पट्टी ताणली जात नाही. झिजतात त्या पट्ट्यांना जोडणाऱ्या पिना आणि त्या पिना ज्यात फिरतात ती छिद्रं. प्रत्येक सांधा किंचित सैल होतो आणि शंभरेक सांध्यांचा सैलपणा एकत्र आला की चेन लांबते.

आकड्यांत सांगतो. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. जगातल्या जवळजवळ सगळ्या सायकलींचं हेच माप, दूधवाल्याच्या काळ्या सायकलीपासून शर्यतीच्या सायकलीपर्यंत. रोड बाइकच्या चेनमध्ये असे सुमारे १०८ सांधे असतात. प्रत्येक सांधा केसाच्या जाडीएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या आसपास झिजला की पूर्ण चेन जवळपास १ सेंटिमीटर लांब होते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण चक्राला लगेच कळतं. कारण चक्राचे दाते अजून अर्ध्या इंचावरच उभे आहेत आणि चेनच्या रोलर्समधलं अंतर वाढलंय. मग रोलर दात्याच्या बुडाशी न बसता उतारावर चढून बसतो, सगळा भार दोन-चार दात्यांवरच पडतो आणि ते दाते नव्या, वाढलेल्या मापाप्रमाणे खोदले जातात. वाढलेली चेन चक्राला आपल्यासारखं करून घेते. दोघं मिळून झिजले असल्याने जुनी चेन त्याच चक्रावर बिनतक्रार चालत राहते, म्हणून सायकलस्वाराला पत्ताच लागत नाही. नवी चेन टाकली की तिचं माप बरोबर आणि चक्राचं चुकलेलं. वाघबीळला माझी चेन उडाली ती अशी.

कारखान्यात हा हिशेब कुणालाही सांगावा लागत नाही. चेन वाढली की ती स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, खाणार, म्हणून स्प्रॉकेट वाचवायचं तर चेन वेळेवर बदलायची. सायकलीच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक कॅसेटची किंमत विचारतं आणि चेनकडे पाहतही नाही.

आता किमतीकडे येऊ. बाजारभाव सारखे हलतात, त्यामुळे रुपयांपेक्षा प्रमाण सांगणं बरं. शिमानोच्या रोड बाइकच्या मालिका खालून वर अशा लागतात: क्लॅरिस ८ चक्रांची, सोरा ९ची, टियाग्रा १०ची, मग १०५, अल्टेग्रा आणि सर्वांत वर ड्युरा-एस. वरच्या तिन्ही मालिका बरीच वर्षं ११ चक्रांच्या होत्या, नव्या १२च्या आहेत. खालून वर जाताना किंमत कित्येक पटींनी वाढते. ही वाढ कशासाठी मोजायची? ११-२८ दात्यांची ११ चक्रांची कॅसेट घ्या. १०५ची सुमारे २८५ ग्रॅम, अल्टेग्राची सुमारे २५०, ड्युरा-एसची १९५च्या आसपास. जास्तीचा पैसा जातो तो वजन उतरवण्यात. ड्युरा-एसमध्ये मोठी चक्रं टायटॅनियमची असतात. टायटॅनियम हलकं आहे, गंजत नाही, पण दात्यांची झीज सोसण्यात ते पोलादाच्या मागे पडतं. म्हणजे सर्वांत महाग कॅसेट आधी झिजते. शर्यतीत ९० ग्रॅमला मोल असेल. माझ्या पाण्याच्या बाटलीतले चार घोट तेवढ्याच वजनाचे असतात आणि ते मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर परत येईपर्यंत कधी संपवत नाही.

क्लॅरिसपासून १०५पर्यंत सगळी चक्रं पोलादाची असतात. त्यांच्या आयुष्यात किमतीएवढा फरक मला तरी दिसलेला नाही. माझं मत स्पष्ट आहे: टिकाऊपणा हवा असेल तर तुमच्या गिअरसंख्येत बसणारी सर्वांत स्वस्त, चांगल्या कंपनीची, पूर्ण पोलादी कॅसेट घ्या. शिमानो, अमेरिकेची स्रॅम, तैवानच्या सनरेस आणि मायक्रोशिफ्ट, यांतली कुठलीही चालेल. तळाच्या काही कॅसेटवर निकेलच्या मुलाम्याऐवजी नुसता काळपट थर असतो. आपल्या पावसाळ्यात त्यांच्यावर गंजाचे डाग लवकर येतात, म्हणून एक पायरी वरची, निकेलची चकाकणारी घ्यावी. किमतीत फरक थोडाच पडतो. ऑनलाइन बाजारात ॲल्युमिनियमची मोठी चक्रं लावलेल्या, फार हलक्या आणि त्या मानाने स्वस्त अशा बिननावाच्या कॅसेट मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ॲल्युमिनियम पोलादी चेनसमोर फार दिवस उभं राहत नाही.

वरच्या मालिकेचा एक फायदा मात्र खरा आहे. स्वस्त कॅसेटमध्ये प्रत्येक चक्र किंवा पिना मारून जोडलेला पातळ गठ्ठा थेट हबच्या खाचांवर बसतो. हबचा तो भाग ॲल्युमिनियमचा असेल तर जोर लागल्यावर पातळ पोलादी चक्र त्यात रुतत जातं आणि पुढच्या वेळी कॅसेट काढताना हातोडी घ्यावी लागते. वरच्या कॅसेटमध्ये मोठी चक्रं एका जाड सांगाड्यावर बसवलेली असतात, त्यामुळे दाब पसरतो. तेव्हा चाकं महाग आणि हबचा तो भाग ॲल्युमिनियमचा असेल तर १०५च्या कॅसेटला पैसे मोजण्यात अर्थ आहे. साध्या सायकलींच्या हबचा हा भाग बहुधा पोलादीच असतो. तिथे ही काळजी नाही.

गिअर किती हवेत हा प्रश्न बहुतेक वेळा सायकल घेतानाच सुटलेला असतो. ब्रेकबरोबरचे शिफ्टर जेवढ्या टप्प्यांचे, तेवढ्याच चक्रांची कॅसेट. ८ चक्रांच्या कॅसेटमध्ये दोन चक्रांतलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ४.८ मिलिमीटर असतं. ९मध्ये ते ४.३५च्या आसपास, १०मध्ये ३.९५ आणि ११मध्ये ३.७४. गिअरच्या तारेत थोडी माती गेली, आरडी ज्यावर टांगलेला असतो तो हँगर जरा वाकला, तर ८ आणि ९ला ते खपून जातं. ११ला लगेच खडखड सुरू होते. चेनही जसजशी अरुंद तसतशी महाग. ज्यांना रोज कामावर सायकल न्यायची आहे आणि रविवारी जोतिबाला जायचं आहे त्यांनी नवी सायकल घेताना ८ किंवा ९वर समाधान मानावं असं मी मनापासून सांगतो.

बसण्या-न बसण्याच्या भानगडी थोडक्यात. शिमानोच्या ८, ९ आणि १० चक्रांच्या कॅसेट एकाच मापाच्या हबवर बसतात. ११साठी हबचा खाचांचा भाग १.८५ मिलिमीटर लांब केला गेला. त्यामुळे नव्या चाकावर जुनी ९ची कॅसेट लावायची तर मागे तेवढ्या जाडीचा वायसर घालावा लागतो. तो विसरला की रिंग कितीही आवळा, चक्रं हलतच राहतात. इटलीच्या कंपान्योलोच्या खाचा अगदीच वेगळ्या, त्यांचा इथे विचार करत नाही.

आता दात्यांची निवड, आणि इथे कोल्हापूर मध्ये येतं. कॅसेटवर ११-२५, ११-२८, ११-३२ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला सर्वांत लहान चक्राच्या दात्यांचा, दुसरा सर्वांत मोठ्याच्या. लहान चक्र वेगासाठी, मोठं चढासाठी. आपण कुठे चालवतो ते आधी पाहू. नरसोबाच्या वाडीकडे निघालो तर रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस, अडचण फक्त समोरच्या वाऱ्याची. तिथे चक्रांच्या दात्यांत एकेकाचाच फरक असला की पायांची लय मोडत नाही. त्या रस्त्याला १२-२५ छान. पण कोल्हापुरातला सायकलवाला वाडीपेक्षा पन्हाळ्याला जास्त जातो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास. अंतर जेमतेम वीस किलोमीटर, आणि चारशे मीटरची ही चढण बहुतेक सगळी शेवटच्या टप्प्यात साठलेली. जोतिबाचंही तसंच. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलात तर परतताना काय होतं ते गेलेल्याला विचारा.

हिशेब करून पाहू. पुढे ३४ दात्यांचं चक्र, मागे २८चं. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. पायडलच्या एका फेरीत सायकल २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे चढावरची धिमी पण गुडघ्याला झेपणारी गती, धरली तर वेग ताशी ९.२ किलोमीटर. सायकलीसह ८५ किलो वजन आणि ८ टक्क्यांचा चढ असेल तर नुसतं वर जाण्यासाठी सुमारे १७० वॉट लागतात, वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. आता मागे २८ऐवजी ३२ लावा. तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी ८ किलोमीटर आणि गरज १४८ वॉटची. हा वीस-बावीस वॉटचा फरक सांगायला लहान वाटतो. पन्नाशीतल्या माणसाला तोच फरक पन्हाळ्याच्या वाटेवरच्या बुधवार पेठेच्या वळणावर उतरून सायकल ढकलायची की चालवत न्यायची हे ठरवतो.

दुसऱ्या टोकाला पाहा. पुढे ५० आणि मागे ११, मिनिटाला ९० फेऱ्या: वेग ताशी ५१ किलोमीटरच्या पुढे. सपाटीवर एवढा वेग आपल्यातले किती जण धरतात? उतारावर धरतात, पण पन्हाळ्याच्या उतारावर पाय स्थिर ठेवून ब्रेकवर बोटं असावीत, पायडल मारू नये. १२चं चक्र तेवढ्याच फेऱ्यांना ४७ देतं, तेही खूप झालं. म्हणून ज्यांच्या मालिकेत १२पासून सुरू होणारी पण वर २८ किंवा त्याहून मोठी कॅसेट मिळते त्यांनी तिचा जरूर विचार करावा.

लहान चक्राचा टिकाऊपणाशीही संबंध आहे. एक किलोमीटर जाताना चाक सुमारे ४७५ वेळा फिरतं. चक्र ११चं असो की २२चं, त्याचा प्रत्येक दाता किलोमीटरमागे तेवढ्याच वेळा चेनला भेटतो. तरीही लहान चक्र लवकर झिजतं. कारण ११च्या चक्रावर एका वेळी पाच-सहाच दाते चेनच्या कवेत असतात, २२वर अकरा, त्यामुळे ओढ वाटून घ्यायला लहान चक्राकडे माणसंच कमी. चेनलाही त्रास: ११वर प्रत्येक सांध्याला ३३ अंशांत वाकावं लागतं, २२वर त्याच्या निम्मं. सपाटीवर पुढे ५० आणि मागे १७-१८ ठेवून फिरणारा आणि पुढे ३४, मागे ११-१२ ठेवून तोच वेग गाठणारा यांच्यात दुसऱ्याची कॅसेट आधी जाते. मोठ्या चक्रावर मोठं चक्र चालवलं तर तेवढ्याच ताकदीत चेनवरची ओढही कमी असते.

९ चक्रांत ११-२८ आणि ११-३२ या दोन कॅसेट शेजारी ठेवून पाहिल्यावर मला एक छान गोष्ट कळली. पहिलीत ११-१२-१३-१४-१६-१८-२१-२४-२८. दुसरीत ११-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३२. फरक एकाच चक्राचा. १३चं गेलं, ३२चं आलं. सपाटीवर काही गमवावं लागेल ही भीती फुकट होती. मी ३२ची घेतली.

मोठं चक्र घेण्याआधी आरडी पाहावा मात्र लागतो. त्याच्या आतल्या बाजूला मॉडेलचा नंबर असतो आणि कंपनीने प्रत्येक मॉडेलला दोन मर्यादा घातलेल्या असतात: सर्वांत मोठं चक्र किती दात्यांचं आणि एकूण किती सैल चेन तो गोळा करू शकतो. ११ चक्रांच्या १०५चं उदाहरण घ्या, आर ७००० या मालिकेचं. त्यातला आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) आरडी ३० दात्यांपर्यंत चालतो, लांब पिंजऱ्याचा ३४पर्यंत. दुसऱ्या मर्यादेचा हिशेब असा: पुढच्या दोन चक्रांतला फरक, समजा ५० उणे ३४ म्हणजे १६, अधिक मागच्यातला ३२ उणे ११ म्हणजे २१, एकूण ३७. आखूड पिंजऱ्याची क्षमता ३५, लांबची ३९. मोठी कॅसेट लावली की चेनही दोन कड्यांनी वाढवावी लागते. ती तशीच आखूड ठेवून कुणी चुकून मोठ्यावर मोठं टाकलं तर आरडी आणि त्याचा हँगर दोन्ही जातात.

आता पैशाचा हिशेब, कारण लेख परवडण्याबद्दल आहे. मी सोपे आकडे धरले: चेनची किंमत १ रुपया, कॅसेटची २. पहिली पद्धत, चेन दर ३,००० किलोमीटरला बदलायची आणि कॅसेट चार चेन चालवायची. १२,००० किलोमीटरला ४ अधिक २, म्हणजे ६ रुपये. दुसरी पद्धत, काहीच बघायचं नाही, ६,००० किलोमीटरला चेन आणि कॅसेट दोन्ही एकदम फेकायची. १२,००० किलोमीटरला दोनदा ३, म्हणजे तेही ६. हे पाहून मी वही मिटवली आणि पुन्हा उघडली. स्वस्त कॅसेटला हलगर्जीपणाही फार महाग पडत नाही! मग सगळा उपदेश कशासाठी? उत्तर पुढच्या चक्रांत आहे. वाढलेली चेन पायडलकडच्या क्रँकच्या चक्रांनाही खाते आणि रोड बाइकची पुढची चक्रं कॅसेटपेक्षा महाग पडू शकतात, कधी तर पूर्ण क्रँकच बदलावा लागतो. दुसरं उत्तर वाघबीळला मिळालं होतं. चढावर पाय निसटणं रुपयांत मोजता येत नाही.

तिसरी पद्धत मला सर्वांत पटते: चेन स्वच्छ ठेवून तिचंच आयुष्य वाढवायचं. वर मी चेनचं आयुष्य ३,००० किलोमीटर धरलं. ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. स्वच्छ ठेवलेली चेन त्याहून बरंच जास्त जाते आणि चिखलात माखलेली त्याच्या निम्म्यातही संपते. चेन कशाने झिजते? धातूवर धातू घासून नव्हे, निदान मुख्यतः तरी नव्हे. पिना आणि छिद्रं यांच्यामध्ये माती शिरते आणि तेलात कालवून तिची पॉलिश पेपरसारखी लापशी होते. आपल्या जिल्ह्यात या लापशीचे प्रकार पुष्कळ. जून लागला की गगनबावडा आणि राधानगरीकडची तांबडी जांभ्याची माती. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात त्याच्या एका छोट्या हिश्शाएवढाच. तिकडून आलेली सायकल ओळखू येते ती या रंगाने. मग नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि शेतातला काळा चिखल चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो, वाळतो आणि धूळ होऊन उडतो. कारखाने चालू असेपर्यंत ही धूळ चेनवर बसते.

म्हणून कॅसेटचं आयुष्य वाढवणारं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे जुनी बनियन. प्रत्येक फेरीनंतर चेन तिच्यात धरून पायडल वीस वेळा उलटं फिरवायचं. पावसातून आलात तर आधी बादलीभर पाण्याने माती उतरवायची. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा हबवर मारू द्यायचा नाही, त्याने आतलं ग्रीस धुऊन जातं. महिन्यातून एकदा डिझेल आणि ब्रश. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब, पाच मिनिटं थांबणं आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढणं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं, काम आतल्या तेलाचं असतं. आपल्याकडे गाडीचं काळं ऑइल चेनवर ओतायची जुनी सवय आहे. ती मोडली पाहिजे. त्या तेलात इंजिनातली काजळी आणि लोखंडाचा कीस आधीच असतो.

चेन मोजायला वेगळं हत्यार मिळतं, पण इंचाच्या खुणा असलेली सुताराची पोलादी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि २४ सांधे मोजा. नव्या चेनमध्ये २५वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली तर झीज अर्धा टक्का. ११ आणि १२ चक्रांच्या सायकलीला इथेच चेन बदलावी. ८, ९, १०ला सव्वादोन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं. ३ मिलिमीटर झाली असेल तर उशीर झालेला आहे. मग नवी चेन टाकण्यापेक्षा आहे ती जोडी शेवटपर्यंत चालवावी आणि दोन्ही एकदम बदलावीत.

आपल्या कॅसेटचे दाते पाहताना एक घोटाळा टाळा. नव्या कॅसेटचेही सगळे दाते सारखे नसतात. काही बुटके, काही तिरपे, काहींच्या बाजूला खोबणी असते. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर न अडखळता चढावी म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असतात. झीज ओळखायची ती उंचीवरून नव्हे, दोन दात्यांमधल्या दरीच्या आकारावरून. दरी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर ठीक, एका बाजूला ओढल्यासारखी लांबट झाली असेल तर दिवस भरले.

बसवायला दोनच हत्यारं लागतात: रिंगची खाचेची चावी आणि चक्र धरून ठेवायला चेनचा चाबूक. मिस्त्रींकडचा चाबूक म्हणजे सागाच्या फळीला खिळ्यांनी ठोकलेला जुन्या चेनचा तुकडा, आणि तो विकतच्याइतकाच पक्का धरतो. खाचांमध्ये एक इतरांपेक्षा अरुंद असते, त्यामुळे चक्रं चुकीची बसूच शकत नाहीत. आट्यांना बोटभर ग्रीस, मग रिंग ४० न्यूटन-मीटर आवळायची. टॉर्क दाखवणारा पान्हा नसेल तर २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकावर सुमारे १६ किलोचा भार, असा अंदाज धरावा. शेवटी रिंग करकर वाजते. तिला खालून बारीक दाते असतात, आवाज त्यांचा, घाबरायचं कारण नाही.

माझी जुनी कॅसेट उतरवल्यावर मिस्त्रींनी तिची सुटी चक्रं डिझेलमध्ये धुऊन फरशीवर ओळीने मांडली. १६, १८ आणि २१चे दाते पार गेलेले. २४चे जरा बरे. आणि ११चं चक्र, चार वर्षं आणि कितीतरी हजार किलोमीटर माझ्याबरोबर फिरून आलेलं, जवळजवळ कोरं. दात्यांवरचा मुलामासुद्धा शाबूत होता. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि रिंगसकट बिस्किटाच्या डब्यात टाकलं. तिथे तशीच आणखी दहा-बारा चक्रं होती, बहुतेक सगळी ११ची.